गोळी रोजची आणि गोळी आठवड्याची

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगाव यांच्यामधील जाम नदीवर गोटमार भरते. अशा सणाला सौसरकडील सासरहून लेक माहेरी यावयास निघाली, की पिशवीत मुलांचे कपडे आठवणीने जातात. गर्भनिरोधक गोळ्यांचे पाकीट मात्र सासरच्या कोनाड्यात राहून जाते. ही चूक किरकोळ की भारी, हे ती गोळी कोणती व किती दिवस चुकली यावर ठरते.

सरकारी दवाखान्यात दोन प्रकारच्या गोळ्या विनामूल्य मिळतात; आशा कार्यकर्तीकडेही त्या असतात. 'माला-एन' रोज घ्यावयाची असते, तर 'छाया' आठवड्याच्या हिशेबाने. शेजारणीने एका गोळीचा सांगितलेला नियम दुसरीला लावला, की नको असताना दिवस राहतात.

'माला-एन'च्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ गोळ्यांतील संप्रेरकांमुळे स्त्रीबीज पक्व होत नाही. उरलेल्या ७ गडद रंगाच्या गोळ्या लोहाच्या असतात. पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत पहिली गोळी घ्यावी, व पुढे रोज ठरलेल्या वेळी, रात्रीच्या जेवणानंतर म्हटले तरी चालेल. लोहाच्या गोळ्या चालू असताना पाळी येते. २८ गोळ्या संपताच, पाळी चालू असली तरी, दुसऱ्याच दिवशी नवे पाकीट सुरू करावे. येथेच पुष्कळ जणी चुकतात. संप्रेरकाविना सात दिवस गेले, की अंडाशय पुन्हा जागे होऊ लागते. ते अंतर आणखी लांबले तर स्त्रीबीज बाहेर पडण्याचा संभव असतो. म्हणून पाकिटाच्या आरंभीची चूक सर्वांत घातक.

एक-दोन गोळ्या चुकल्यास आठवताक्षणीच एक घ्यावी व त्या दिवसाची नेहमीच्या वेळी घ्यावी; एकाच दिवशी दोन झाल्या तरी बिघडत नाही. तीन किंवा अधिक चुकल्यास गोळ्या चालू ठेवून सात दिवस निरोध वापरावा. ही जबाबदारी नवऱ्याची आहे, हेही कोणीतरी त्याला सांगावयास हवे. अशी चूक तिसऱ्या आठवड्यातली असेल तर लोहाच्या गोळ्या टाकून द्याव्यात व थेट नवे पाकीट लावावे. लोहाची गोळी चुकली तर चिंता नको.

'छाया'ची गोष्ट निराळी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेले हे औषध बाजारात 'सहेली' या नावाने विकले जाते. त्यात संप्रेरक नाही. ते शरीरात बराच काळ टिकते, म्हणूनच आठवड्याला एक गोळी पुरते. परंतु प्रथम पुरेसा साठा व्हावा लागतो. यासाठी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घ्यावी. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी. तो रविवार असल्यास दुसरी बुधवारी. चौथ्या महिन्यापासून केवळ रविवारी. गोळी चुकून सात दिवस झाले नसतील तर ती लगेच घ्यावी व पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरावा. त्याहून अधिक दिवस गेले असल्यास पुन्हा आरंभापासून, आठवड्यातून दोनदा. या गोळीने पाळी लांबू शकते. पंधरा दिवसांहून अधिक लांबल्यास गर्भतपासणी करावी.

अंगावर पाजणाऱ्या आईने बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत 'माला-एन' घेऊ नये, 'छाया' चालते. रक्तदाब वाढलेला असल्यास, किंवा पस्तिशीनंतर बिडी-सिगारेटचे व्यसन असल्यास 'माला-एन' वर्ज्य. यकृताचा विकार असल्यास दोन्ही गोळ्यांबाबत आधी डॉक्टरांना विचारावे. क्षयावरील काही औषधांनी 'माला-एन'चा प्रभाव उणावतो, तेव्हा चालू असलेली सर्व औषधे सांगावीत.

आणि माहेरी आलेल्या त्या लेकीने सासरी परतेपर्यंत थांबू नये. तेच पाकीट पांढुर्ण्याच्या आशा कार्यकर्तीकडेही असते. ते त्याच दिवशी मागून घ्यावे.