आधी हिशेब, मग मत

दिवाळीच्या खरेदीला क्रॉफर्ड मार्केटात एकदाही गेले नाही, असे मुंबईतले मराठी कुटुंब शोधूनच काढावे लागेल. मंडईला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देऊन कितीतरी वर्षे लोटली, तरी जुने नाव काही तोंडातून जात नाही. पण हा क्रॉफर्ड कोण, हे सुक्या मेव्याचे पुडे सावरीत बाहेर पडणाऱ्यांपैकी फारसे कुणाला ठाऊक नसते. आणि गंमत अशी, की महापालिकेच्या निवडणुकीत आपण जे मत देतो, त्याचा उगम या गृहस्थाच्या सढळ हातापाशी जाऊन पोचतो!

आर्थर क्रॉफर्ड १८६५ साली मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर झाला. त्या वर्षीच्या कायद्याने शहराचा कारभार 'जस्टिस ऑफ द पीस' म्हणविणाऱ्या, सरकारनेच नेमलेल्या प्रतिष्ठितांकडे सोपविला होता. प्रत्यक्षात सारी सूत्रे एकट्या कमिशनरच्या हाती. माणूस कर्तबगार होता, यात शंका नाही. घाणीने बुजबुजलेले शहर त्याने झाडून काढले, रस्ते केले, मंडई उभारली. तिच्या दरवाजांवरची शिल्पे रड्यार्ड किपलिंगच्या वडिलांनी घडविली आहेत. पुढच्या खेपेस मान वर करून अवश्य पाहावीत. परंतु पैसा येतो किती आणि जातो किती, याचा मेळ काही त्याला राखता आला नाही. कापसाच्या तेजीचा फुगा त्याच १८६५ साली फुटलेला, बँका बुडालेल्या, आणि करांचा बोजा मात्र चढत चाललेला. मग घरवाले कुरकुरले नाहीत तरच नवल!

ही कुरकुर घरात राहिली नाही, एवढेच तिचे महत्त्व. नवरोजी फर्दुनजी यांच्यासारखी माणसे पुढे आली, करदात्यांच्या सभा भरल्या, अर्ज गेले. हे नवरोजी म्हणजे म्युनिसिपालिटीच्या मागे हात धुऊन लागलेले गृहस्थ. आजच्या भाषेत शहराचे जागल्येच. १८७१ साली जस्टिसांच्या सभेतही रण माजले आणि अखेर क्रॉफर्डला जावे लागले.

येथवरची गोष्ट आपल्या परिचयाची आहे. पैशाची नासाडी झाली, ओरड झाली, साहेब बदलला. गोष्ट एवढ्यावरच संपायची, पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात धोबी तलावाजवळच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एक सव्वीस वर्षांचा बॅरिस्टर बोलायला उभा राहिला. त्याचे म्हणणे श्रोत्यांच्या अगदी उलट. नुसता कमिशनर बदलून काय साधणार? खरा दोष जस्टिसांच्या मंडळाचा आहे. ते कुणालाच जबाबदार नाही. कारभार एका कर्त्या अधिकाऱ्याच्या हाती खुशाल राहू द्या, मात्र त्याच्यावर नजर ठेवणारे सभासद करदात्यांनी निवडलेले असोत. क्रॉफर्डची बाजू घेतो म्हणून सभेने त्याची हुर्यो उडविली. तो तरुण म्हणजे फिरोजशहा मेहता. आज महापालिकेच्या इमारतीसमोर त्यांचाच पुतळा उभा आहे!

१८७२ चा कायदा झाला तो बऱ्याच अंशी याच धोरणाने. चौसष्ट सभासदांपैकी बत्तीस करदात्यांनी निवडायचे. शिवाय म्युनिसिपालिटीच्या पैशाची व्यवस्था नीट होते की नाही हे पाहण्यासाठी बारा जणांची 'टाउन कौन्सिल'. पहिली निवडणूक १८७३ साली झाली. पुढे १९२२ साली महिना दहा रुपये भाडे भरणारालाही मत मिळाले आणि चाळकरी प्रथमच मतदार झाला. सर्व प्रौढांना मतदान करता आले ते १९४८ साली.

म्हणजे आपल्या पणज्याने आधी हिशेब मागितला आणि त्यातून त्याला मत मिळाले. आपल्याला मत आयते मिळाले, आणि हिशेब मागायचे राहून गेले. २०१२ च्या पालिका निवडणुकीत शंभरातले सुमारे पंचेचाळीस मतदार केंद्रावर गेले. २०१७ साली हा आकडा पंचावन्नापर्यंत चढला, तर केवढे कौतुक झाले! मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही, प्रशासक कारभार पाहत राहिले. आणि तरीही आपल्या जेवणाच्या टेबलावर तो विषय कितीसा निघाला? २०२५–२६ चे पालिकेचे अंदाजपत्रक चौऱ्याहत्तर हजार कोटी रुपयांच्या वर होते. क्रॉफर्डला ही रक्कम ऐकून घेरीच आली असती.

अर्थात सगळेच स्वस्थ बसले नाहीत. कचऱ्यासाठी गल्लीगल्लीतल्या रहिवाशांनी १९९७ च्या सुमारास संघ काढले. 'प्रजा' ही संस्था नगरसेवकांची हजेरी आणि त्यांनी विचारलेले प्रश्न मोजून प्रसिद्ध करते. परीक्षेच्या गुणांवर माणूस तोलावा का, हा वाद घालता येईल. तरी पाच वर्षांत एकही प्रश्न न विचारणारा सभासद लोकांना कळलाच पाहिजे. २००७ साली जुहूच्या रहिवाशांनी पक्ष बाजूला ठेवून आपल्यातलाच एक उमेदवार, अॅडॉल्फ डिसोझा, निवडून आणला. २०१२ साली असे उमेदवार अनेक प्रभागांत उभे केले. यश मात्र जवळजवळ कुलाब्यापुरतेच राहिले. निवडणुकीच्या तोंडावर जमलेली मंडळी एवढेच पुरत नाही, असे मला यावरून वाटते.

प्रभागातल्या कामाचे अंदाजपत्रक, कंत्राटदाराचे नाव, काम पुरे करण्याची तारीख, हे कागद २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विभाग कार्यालयातून कोणालाही मागता येतात. अर्जाला दहा रुपये लागतात. १८७३ साली मतासाठी वर्षाकाठी पन्नास रुपये कर भरावा लागत असे.