थर उतरवण्याची ताकद

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आज गल्लोगल्ली जिम आहेत. पोरं घाम गाळतात, दंड कमावतात, ते चांगलंच आहे. पण या उपनगरांनी बळाचा स्वतःचा असा जो प्रकार घडवला, तो पाहायचा तर गुरुपौर्णिमेनंतर रात्री एखाद्या गोविंदा पथकाच्या सरावाला जावं.

खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं, त्यामागे आपली तालमीची मोठी परंपरा उभी होती. कुस्तीत समोर प्रतिस्पर्धी असतो. दहीहंडीच्या थरात मात्र समोर कुणीच नसतं. थरथरणारी मांडी आपलीच असते आणि वर बघण्याचा मोहही आपलाच. पायातला, म्हणजे सगळ्यात खालच्या थरातला गडी शेजाऱ्याच्या खांद्यावर हात घट्ट टाकतो, हनुवटी छातीला लावतो आणि मान खाली घालतो. वरचा गडी अनवाणी पायाने त्याच्या मांडीवर, मग मानेलगत खांद्यावर चढतो. टाच चुकून गळ्याच्या हाडावर आली की कळ मस्तकात जाते. तरी खांदा हलवायचा नाही. हंडी फुटताना जो तिला पाहूच शकत नाही, त्याच्याच जिवावर ती फुटते. माझ्या लेखी थरातला सगळ्यात बलवान माणूस तोच.

जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२ साली ठाण्यात ९ थर लावले आणि गिनीज बुकात नाव नोंदवलं. ४३.७९ फूट! पुढची १३ वर्षं दहाव्या थराचा ध्यास होता. २०२५ मध्ये तो लागला, तोही जोगेश्वरीच्याच कोकण नगर पथकाकडून, ठाण्यात. त्याच दिवशी जय जवाननेही १० थर लावले. एका उपनगरातल्या दोन पथकांनी एकाच दिवशी ही मजल मारावी, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पण उंचीची किंमत घाटकोपरच्या राजावाडीसारख्या रुग्णालयांना दर गोपाळकाल्याला ठाऊक असते. उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये २० फुटांची आणि १८ वर्षांची मर्यादा घातली; २०१७ मध्ये उंचीचं बंधन गेलं आणि वयाची अट १४ वर आली. २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. दर्जा मिळाला, पण बक्षिसाची रक्कम अजून थरांच्या आकड्यावरच ठरते, आणि लाखांची बोली लागली की पथक दमलेल्या पोरांनाही पुन्हा उभं करतं.

स्पेनमधल्या कॅटालोनियात असेच मानवी मनोरे रचतात. युनेस्कोने २०१० मध्ये त्यांना मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिथल्या स्पर्धेत मनोरा लागला पण उतरताना कोसळला, तर गुण कमी मिळतात. सगळे सुखरूप उतरले तरच पूर्ण गुण. हा नियम आपण उद्याच्या उद्या उचलावा. चढताना अंगात वारं भरलेलं असतं. सलामी झाली, टाळ्या पडल्या, कॅमेरे वळले की पायाचा धीर सुटू लागतो, आणि नेमका तेव्हाच आणखी थोडा वेळ दम धरायचा असतो. जुनी पथकं म्हणूनच सरावात थर लावण्याइतकंच थर उतरवणंही घोटून घेतात.

विलेपार्ल्याच्या पार्ले स्पोर्ट्स क्लबसारखी महिला पथकंही आता दिमाखात सलामी देतात. नोकरी आणि घर सांभाळून रात्री सरावाला येणाऱ्या या मुलींना बहुतेक ठिकाणी बक्षीस मात्र पुरुषांपेक्षा कमीच लावलेलं असतं. आयोजकांनी पुढच्या गोपाळकाल्याला बदलाची सुरुवात तिथूनही करायला हरकत नाही.