बाळ कान का ओढतं?

‘दातं येऊन राह्यले त्याले, होईन आपोआप बरं.’ वणीपासून उमरखेडपर्यंत यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात सहा-सात महिन्यांचं लेकरू किरकिरायला लागलं की हे वाक्य कानावर पडतं. अंग तापलं तरी दात, ढाळ लागले तरी दात, रात्रभर रडत कान ओढलं तरी दातच. यात थोडं खरं आहे. उरलेल्या समजुतीपायी मात्र लेकरू दवाखान्यात उशिरा पोचतं.

साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास खालचे पुढचे दोन दात वर येतात. काहींना ते चौथ्या महिन्यातच येतात, काहींना वर्ष लागतं, आणि दोन्ही ठीकच. अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीस दात पुरे होतात. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी १२५ बाळांच्या रोजच्या नोंदी आईवडिलांकडून लिहून घेतल्या आणि २००० साली निष्कर्ष छापले. दात दिसण्याआधीचे चार दिवस, तो दिवस आणि पुढचे तीन दिवस एवढ्या काळात लाळ गळणं, चावणं, हिरड्या घासणं, किरकिर, जेवण नको वाटणं, अंग किंचित कोमट होणं आणि कान चोळणं खरोखरच वाढलं होतं. १०२ अंशांच्या वरचा ताप, पातळ शौच, उलटी आणि खोकला यांचा मात्र दातांशी संबंध सापडला नाही.

मग त्याच वयात ताप आणि ढाळ इतके का येतात? आईकडून पोटात असताना मिळालेली रोगप्रतिकारशक्ती सहाव्या महिन्यापर्यंत ओसरत आलेली असते. नेमकं तेव्हाच वरचं अन्न सुरू होतं, बाळ रांगू लागतं आणि हिरड्या शिवशिवतात म्हणून हाताला लागेल ते तोंडात घालतं. आपल्या जिल्ह्यात ‘हाताला लागेल ते’ म्हणजे काय, याचा विचार करा. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन इथले वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेच औषध फवारून आलेल्या बापाचा सदरा बाळ चोखतं, कोपऱ्यातला रिकामा डबा खेळायला घेतं. फवारणीचे कपडे घराबाहेरच उतरवावेत, वेगळे धुवावेत, आंघोळ करूनच लेकराला उचलावं. रिकामा डबा पाण्यासाठी, धान्यासाठी, खेळण्यासाठी, कशालाच घरात नको.

आता कानाबद्दल. जबडा, हिरड्या आणि कानाचा पुढचा भाग यांची संवेदना मेंदूकडे नेणारी नस एकच आहे. दाढेची कळ कानात जाते, हे मोठ्यांनाही ठाऊक असतं. दुधाच्या दाढा वर्ष-सव्वा वर्षानंतर येऊ लागतात, तेव्हा हात कानाकडे अधिक जातो. काही बाळं नुसती पेंगुळली तरी कान ओढतात. ताप नाही, बाळ दूध पितंय, खेळतंय आणि फक्त कान ओढतंय, तर घाबरू नका. आधी कानाची पाळी मात्र नीट बघा. नुकते कान टोचलेले असतील तर बाळीच्या जागी सूज किंवा पू असू शकतो, आणि दुखणं तिथेच असतं.

कान आतून पिकण्याचं प्रमाणही सहा महिने ते दोन वर्षं याच वयात सर्वाधिक. घशापासून मधल्या कानापर्यंत जाणारी नळी या वयात आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी झाली की जंतू त्या वाटेने सहज कानात शिरतात. दोन-तीन दिवस नाक वाहून मग ताप चढला, आडवं केलं की रडणं वाढलं, दोन घोट पिऊन बाळाने स्तन सोडून दिला किंवा कानातून पाणी-पू आला, तर ते दातांचं दुखणं नव्हे. पऱ्हाटीच्या चुलीचा धूर, घरातली विडी आणि झोपवून तोंडात दिलेली दुधाची बाटली यांनी हा धोका वाढतो. आत काय झालंय ते उजेडाच्या उपकरणाने डॉक्टरच पाहू शकतात. लसूण कडवलेलं तेल कानात घालू नका. पडद्याला भोक पडलेलं असेल तर ते थेट आत जातं, आणि गरम तेलाने त्वचा भाजते ती वेगळीच.

हिरड्यांचा त्रास शमवायला फार काही लागत नाही. स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरडी हलकेच चोळावी. माठाच्या थंड पाण्यात बुडवून पिळलेलं स्वच्छ फडकं चावायला द्यावं. लाळ टिपत राहावी आणि हनुवटीला थोडं खोबरेल लावावं, म्हणजे पुरळ येत नाही. अंगावरचं दूध चालूच ठेवावं. खारीक किंवा गाजराचा तुकडा हातात देऊन बाजूला होऊ नये, कारण तो तुटून घशात अडकतो. हिरडी बधिर करणारी मलमं, गळ्यात घालायच्या माळा आणि ‘दात सुखाने यावेत’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या यांपैकी काहीही नको. बेंझोकेन असलेली मलमं दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नयेत, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली बजावलं, कारण त्याने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटू शकते. इंग्लंडमध्ये दातांच्या पुडीत पारा असे. १९५४ च्या सुमारास तो काढला, आणि मुलांचे हातपाय गुलाबी होऊन सोलणारा एक आजार जवळजवळ नाहीसाच झाला. दुकानदाराने दिलेलं सिरप तर मुळीच पाजू नका. तापासाठी पॅरासिटामॉलही वजन पाहून, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच.

आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात. त्यांना ओआरएसची पाकिटं मागा आणि थर्मामीटर घरात ठेवा. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४ च्या पुढे जातो. तेव्हा ढाळ लागलेल्या बाळाचं अंग काही तासांत सुकतं. आज्यांनो, मावश्यांनो, ‘दातं येऊन राह्यले’ म्हणण्याआधी सुनेला दोन गोष्टी विचारा: ताप मोजला का आणि सकाळपासून लघवी किती वेळा झाली. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश ताप आला, किंवा कुठल्याही वयाचं बाळ पिईनासं झालं, सुस्त पडलं, त्याच्या कानामागे सूज आली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ वर फोन करा.