अर्धा फूट उंच रुबाब

फ्रान्स्वा पिरार हा फ्रेंच प्रवासी १६०८ साली गोव्यात पोहोचला. सणाच्या दिवशी चर्चच्या दारात त्याने जे पाहिलं, ते लिहून ठेवलंय. पालखी थांबते. जरीच्या कपड्यांतली पोर्तुगीज बाई उतरू लागते, तोच एक-दोन पुरुष पुढे होऊन तिचा दंड धरतात. बाई आजारी आहे का? छे! तिच्या पायांत अर्धा फूट उंच चपला आहेत. आत आपल्या जागेपर्यंतची चाळीस-पन्नास पावलं चालायला तिला पाव तास लागतो!

चालण्यासाठी करायची ती चप्पल. मग चालूच देत नाही ती चप्पल कशासाठी?

आधी ती होती कशी ते बघू. वरून उघडी, सोन्याचांदीच्या पातळ पत्र्यांनी मढवलेली, मोती आणि रत्नं जडवलेली. आणि खालचा तो जाडजूड तळ? बुचाचा! बाटलीला लावतात तेच बूच. ही पोर्तुगाल-स्पेनकडच्या एका ओक झाडाची साल. पंचविसेक वर्षांनी ती पहिल्यांदा सोलतात, पुढे दर नऊ वर्षांनी. आणि झाड मरत नाही, पुन्हा साल धरतं. तिच्यात हवा भरलेले असंख्य बारीक कप्पे असतात, म्हणून एवढा ढीग पायाखाली घेऊनही पाऊल उचलतं. १६६५ साली रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने हेच बूच सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्या कप्प्यांना ‘सेल’ म्हटलं. जीवशास्त्रातली पेशी ती हीच!

आता गंमत बघा. त्याच १६०८ साली थॉमस कोरियट नावाचा इंग्रज व्हेनिसमध्ये भटकत होता. तिथल्या बायकांच्या पायांतही अशाच उंच चपला, फक्त तळ लाकडी. व्हेनिसच्या कोरेर संग्रहालयात असा एक जोड आहे, जवळपास ५० सेंटीमीटर उंच. म्हणजे घरातल्या प्लॅस्टिकच्या स्टुलाएवढा! पुलाच्या पायऱ्यांवरून एक बाई पडताना कोरियटने पाहिली, आणि त्याला तिची जराही दया आली नाही. हाच गृहस्थ पुढे बराचसा पायी हिंदुस्थानात आला आणि १६१७ साली सुरतेत वारला.

मग एवढी उंची कशासाठी? चिखल टाळायला, असं कोणी सांगेल. पण मावळातल्या पावसातसुद्धा त्यासाठी दोन-तीन बोटं उंची पुरे. व्हेनिसमध्ये तर हा तळ झग्याखाली झाकलेलाच असे. मिरवायचं होतं ते कापड: बाई जितकी उंच, तितका झगा लांब, तितकं महागडं रेशीम जास्त. तिथल्या सरकारने १४३० सालीच या उंचीला लगाम घालायचा कायदा केला. तो किती पाळला गेला, ते कोरेरमधला जोड सांगतोच.

काहींना मात्र या चपलांवर चालणं जमायचं. फाब्रित्सिओ कारोसो या नृत्यगुरूने १६०० सालच्या पुस्तकात पाऊल कसं उचलायचं, कसं टेकवायचं ते शिकवलंय. सरावाने नाचताही येतं म्हणे.

गोव्यात चप्पल झाकायची नव्हती, दाखवायची होती. आणि सगळ्यात मोठा दागिना होता आधाराचा हात. मला चालायची गरज नाही, चालवणारी माणसं माझ्या पदरी आहेत, हे अख्ख्या चर्चला दिसायला हवं. गोव्यातल्या त्या घरांत ही पदरची माणसं बहुधा विकत घेतलेले गुलाम असत. त्या मोत्यांच्या चपलेतला हा भाग मला कुरूप वाटतो.

पायांवर श्रीमंती मिरवणं मावळाला नवं नाही. कार्ल्याला गेलात तर चैत्याच्या दर्शनी भिंतीवरच्या जोडप्यांपुढे थांबा आणि त्यांतल्या स्त्रियांचे पाय बघा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या बायका अनवाणी आहेत, पण घोट्यांवर जाडजूड वाळे आहेत.