छाट कुणाच्या खात्यावर?

हीट प्रेसचा वरचा पाट उचलला की गरम गोंदाचा उग्र वास येतो. नायलॉनचं जर्किन पाटावर असेल, तर जाणता कारागीर छापाची फिल्म लगेच ओढत नाही. बोटाच्या मागच्या बाजूने तिची ऊब पाहतो आणि थांबतो. या थांबण्यातच कामाचं खरं कौशल्य आहे, आणि नगावर ठरणाऱ्या मजुरीत नेमक्या त्याच वेळेला मोल नाही. म्हणून दरात थांबण्याची वेळ आणि चाचणीचा नग धरलेला असावा, आणि बिघडलेल्या नगाचा भार एकट्या कारागिरावर पडू नये, असं माझं ठाम मत आहे. बेळगाव-निपाणी पट्ट्याला हा वाद नवा नाही. निपाणीत विडीच्या धंद्यात तो ‘छाट’, म्हणजे नापास ठरवून काढलेला माल, या नावाने पिढ्यान् पिढ्या चालत आला.

कपड्यावर चित्र छापण्याची ही कृती तशी थोडक्यात सांगता येते. चित्र फिल्मवर उलटं छापायचं, ओल्या शाईवर गोंदाची पावडर भुरभुरवून ती वितळवायची आणि फिल्म कापडावर ठेवून दाबायची. सुती टी-शर्ट १५० ते १६० अंशांचा ताव दहा-पंधरा सेकंद निमूट सोसतो. नायलॉन सोसत नाही. नायलॉन-६ वितळतं २२० अंशांच्या आसपास. पण पातळ विणीचं कापड त्याच्या कितीतरी आधीच आक्रसतं, चकाकतं, त्याला चुण्या पडतात. म्हणून ताव १२०-१३० पर्यंत उतरवावा लागतो आणि गोंदही कमी तावात धरणारा निवडावा लागतो. त्यातच जर्किनवर पाणी ठरू नये म्हणून जो लेप दिलेला असतो, तो पाण्याला दूर ठेवतो तसा गोंदालाही. ताव वाढवला तर कापड जातं, कमी केला तर छाप सुटते. दोहोंमधली वाट अरुंद आहे, आणि प्रत्येक नव्या कापडाला ती नव्याने शोधावी लागते.

‘यंत्रावर अंश दिसतात, सेकंद दिसतात; माणसाने फक्त दांडा ओढायचा, त्यात कसब कसलं?’ असं कुणी विचारेल. पण यंत्र पाटाचा ताव दाखवतं, कापडाचा नाही. चेन, शिवण किंवा खिशाची दुमड मध्ये आली की पाट तिथे अडतो आणि शेजारच्या भागावर दाब पडतच नाही. आतलं अस्तर सरकतं. शिवाय दोष त्याच दिवशी दिसेल असंही नाही: छाप आज घट्ट वाटते आणि दोन-तीन धुण्यांनंतर तिची कड उचलते. आधी आतल्या पट्टीवर छोटा तुकडा दाबून, तो निवल्यावर ताणून पाहणारा कारागीर संथ दिसतो, पण पुढचा सगळा माल तोच वाचवतो. ‘मग पॉलिस्टरच घ्यावं’ हा सल्लाही अर्धाच खरा आहे. शाईची वाफ धाग्यात उतरवणारं सब्लिमेशन पॉलिस्टरवर उत्तम बसतं, पण फिक्या रंगाच्याच. गिऱ्हाईक गडद निळं, तयार शिवलेलं नायलॉनचं जर्किन घेऊन आलं, तर त्या सल्ल्याचा उपयोग नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे: नुकसानीची झळ लागली नाही, तर माणूस हयगय करेल. विडीबाबतही हीच भीती होती. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याखाली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आणि महाराष्ट्रात जे नियम झाले, त्यांनी तिला नेमकं उत्तर दिलं. मालकाने सर्वसाधारणपणे ५ टक्क्यांहून जास्त विड्या छाट म्हणून काढू नयेत, आणि छाट गेलेल्या विड्यांची, कामगाराची जाणूनबुजून हयगय नसल्यास, निम्मी मजुरी द्यावी. म्हणजे हयगयीला सूट नव्हती, पण पानाच्या, तंबाखूच्या दोषाचा सगळा भुर्दंड वळणाऱ्या बाईच्या माथी मारायलाही वाव नव्हता. सीमेच्या दोन्ही बाजूंनी मान्य केलेला हा ५ टक्क्यांचा विचार हीट प्रेसच्या टेबलावर का चालू नये? इथेही कापडाचा लेप कारागिराने दिलेला नसतो आणि फिल्मही बहुधा त्याने निवडलेली नसते.

‘गिऱ्हाईक जास्त देणार नाही’ ही अडचण खरी आहे, विशेषतः एकच जर्किन छापायचं असेल तेव्हा. पण शंभर नगांच्या मागणीत एक-दोन नग चाचणीला धरले, तर तो खर्च सगळ्यांवर विभागून किरकोळ उरतो. चाचणी टाळून अर्धा माल परत आला, तर त्या तोट्याला हिशेब पुरत नाही. दर ठरवताना ५ टक्के छाट उघड मांडावी आणि कापड कोणतं आहे, त्यावर लेप आहे का, हे मागणी घेतानाच लिहून घ्यावं. मग कारागिराला चूक झाकण्यासाठी घाई करावी लागणार नाही. पाट उचलल्यावर तो फिल्म निवेपर्यंत थांबेल, आणि त्या थांबण्याचीही त्याला मजुरी मिळेल.