गुन्हेगारांचा पैसा पोरांच्या मैदानावर! स्कॉटलंडमध्ये २००८ पासून चालू असलेली ही योजना नेमकी काय?

जुगार अड्ड्यावर छापा, इतक्या लाखांचा मुद्देमाल जप्त. गांजाची वाहतूक करणारी गाडी पकडली, दोघे ताब्यात. अशी एखादी बातमी आठवड्यातून एकदा तरी मोबाईलवर येतेच. फोटोत टेबलावर नोटांची बंडलं मांडलेली असतात, मागं पोलीस उभे असतात. लोक बातमी पुढच्या ग्रुपवर टाकतात आणि पारावर कुणीतरी हमखास विचारतं, "या पैशाचं पुढं होतं काय?"

या प्रश्नाला स्कॉटलंडनं एक उत्तर शोधलं आहे. स्कॉटलंड म्हणजे ब्रिटनचाच भाग, इंग्लंडच्या उत्तरेला. लोकसंख्या साधारण ५५ लाख. आपल्या एकट्या नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ६१ लाख होती, त्यावरून अंदाज यावा. तिथल्या सरकारनं २००८ मध्ये ठरवलं, की गुन्हेगारांकडून वसूल झालेला पैसा गावोगावच्या आणि वस्त्यांवरच्या पोरांसाठी खर्च करायचा. योजनेचं नाव 'कॅशबॅक फॉर कम्युनिटीज'. आपल्याला कॅशबॅक म्हटलं की मोबाईल रिचार्ज आठवतो. इथं अर्थ असा, की ज्या वस्तीला लुबाडून पैसा कमावला त्याच वस्तीला तो परत.

हे का सुचलं?

त्या काळात स्कॉटलंडमधलं ग्लासगो शहर चाकूहल्ल्यांसाठी बदनाम होतं. तरुण पोरांच्या टोळ्या, एका गल्लीतल्याने दुसऱ्या गल्लीत पाय ठेवायचा नाही, दारू आणि नशा. २००५ मध्ये तिथल्या पोलिसांनी हिंसाचार कमी करण्यासाठी वेगळं पथकच काढलं. नुसत्या अटकेनं भागत नाही, पोरांना दुसरं काहीतरी हाताशी दिलं पाहिजे, हा विचार तेव्हा जोर धरत होता. त्यात तिथला हिवाळा असा, की दुपारी चारलाच अंधार पडायला लागतो. शाळा सुटल्यावर पोरं जाणार कुठं? कोपऱ्यावर.

दुसऱ्या बाजूला नशेचा माल विकणारे मात्र गाड्या उडवत होते. वस्तीतल्या पोरांना रोज दिसणारा 'यशस्वी' माणूस तोच. त्याची गाडी सरकारनं उचलून नेली आणि त्या पैशातून तिथंच मैदान झालं, तर पोरांना वेगळं काहीतरी दिसेल, असा हा साधा हिशेब होता. तत्कालीन न्यायमंत्री केनी मॅकआस्किल यांच्या काळात योजना सुरू झाली.

पैसा वसूल कसा होतो?

इथं एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण आपल्याकडंही लोकांचा इथंच गोंधळ होतो. 'जप्त' झालेला पैसा आणि 'सरकारजमा' झालेला पैसा एक नव्हे. पोलिसांनी उचललं म्हणजे जप्त. ते परतही द्यावं लागू शकतं. कोर्टानं हुकूम दिला, की मग ते सरकारचं. कॅशबॅकमध्ये जातो तो हा दुसऱ्या प्रकारचा पैसा.

त्यासाठी ब्रिटनमध्ये २००२ चा एक कायदा आहे, 'प्रोसीड्स ऑफ क्राइम ॲक्ट', म्हणजे गुन्ह्याच्या कमाईचा कायदा. त्यात तीन वाटा आहेत.

पहिली वाट आरोपी दोषी ठरल्यानंतरची. सरकारी वकील कोर्टापुढं हिशेब मांडतात, की या माणसानं गुन्ह्यातून एकूण किती कमावलं आणि आज त्याच्याकडं काय शिल्लक आहे. समजा कमाई निघाली दहा लाख पौंड आणि हातात सापडलं एक लाखाचं घर. तर आज हुकूम एक लाखाचा निघतो, पण उरलेले नऊ लाख माफ होत नाहीत. उद्या त्याला वाडवडिलांची इस्टेट मिळाली, तर सरकार पुन्हा कोर्टात जाऊ शकतं. शिवाय गुन्हेगारी हाच ज्याचा धंदा आहे, त्याची मागच्या सहा वर्षांतली मिळकत गुन्ह्यातूनच आली असं कोर्ट धरून चालतं. तसं नसेल तर पुरावा त्यानं द्यायचा.

दुसरी वाट दिवाणी दाव्याची. यात माणूस दोषी ठरलेला असण्याची गरजच नाही. हा बंगला, ही गाडी बेकायदा पैशातून आली हे दिवाणी कोर्टाला पटलं, की मालमत्ता जाते. तिसरी वाट रोख रकमेची. हजार पौंड किंवा त्याहून जास्त संशयास्पद रोकड सापडली तर पोलीस ती ताब्यात घेतात आणि कोर्टापुढं ठेवतात.

दोष सिद्ध न होता मालमत्ता घेणं बरोबर आहे का, यावर तिथंही वाद आहे. आणि तो असायलाच हवा. निर्दोष माणसाचं घर गेलं तर त्या पैशातून बांधलेल्या मैदानाला काही अर्थ राहत नाही.

पोरांपर्यंत काय पोचतं?

सरकार हा पैसा थेट वाटत नाही. साधारण तीन वर्षांचा एक टप्पा ठरतो, त्यासाठी संस्था अर्ज करतात, त्यातून निवड होते. 'इन्स्पायरिंग स्कॉटलंड' नावाची संस्था सरकारच्या वतीनं कामावर लक्ष ठेवते. २०२३ ते २०२६ या टप्प्यासाठी २ कोटी पौंडांपर्यंतची तरतूद झाली. लाभ घेणारी पोरं-पोरी १० ते २५ वयाची.

सगळ्यात गाजलेलं काम फुटबॉलचं. स्कॉटलंडच्या फुटबॉल संघटनेनं या पैशातून शुक्रवारी रात्रीच्या मॅचेस सुरू केल्या. मुद्दाम शुक्रवार, मुद्दाम रात्र. कारण आठवड्याची सुट्टी लागते ती संध्याकाळ म्हणजे दारू, हाणामाऱ्या आणि पोलिसांचे फोन. पोरांना फी नाही. ज्या वेळेला पोरगं बिघडतं नेमक्या त्याच वेळेला मैदानावर दिवे लावायचे. ही युक्ती साधी आहे, पण आपल्याकडच्या किती क्रीडा संकुलांना रात्री आठला कुलूप लागतं ते आठवून बघावं.

रग्बीच्या संघटनेनं शाळांमध्ये रग्बीचे वर्ग चालवले. बास्केटबॉल झालं. कृत्रिम गवताची मैदानं तयार झाली, म्हणजे पावसातही खेळता येतं. स्कॉटलंडमध्ये पाऊस कधी येईल याचा नेम नसतो, त्यामुळं ही सोय तिथं मोठी. प्रत्येक पोराला खेळाची आवड असतेच असं नाही, म्हणून नाच, संगीत, फिल्म बनवणं असे कलेचे वर्गही ठेवले. शाळा सुटलेल्या पोरांना नोकरीसाठी तयार करणं, मुलाखत कशी द्यायची, अर्ज कसा भरायचा, हेही याच पैशातून होतं.

सुरुवातीला योजना सगळ्यांसाठी मोकळी होती. पुढच्या टप्प्यांत रोख बदलला. गरीब वस्त्यांतली, गुन्ह्याकडं ओढली जाण्याची जास्त शक्यता असलेली पोरं आधी, असं धोरण आलं. अलीकडं त्यांच्या आई-वडिलांना मदत करणारी कामंही धरली आहेत.

सरकारच्या म्हणण्यानुसार २००८ पासून १३ कोटी पौंडांहून जास्त रक्कम या कामासाठी देण्यात आली आणि सुमारे १३ लाख तरुणांना त्याचा फायदा झाला. पौंड शंभर रुपयांचा धरला तरी ही रक्कम १,३०० कोटींच्या वर जाते. १३ लाखाचा आकडा मात्र जरा जपून वाचावा. त्यात एका शिबिराला चार दिवस आलेलं पोरगंही असणार आणि तीन वर्षं नेमानं आलेलंही. किती पोरं वाईट वाटेवरून परत फिरली, हे अशा मोजणीतून कळत नाही.

दुसरीकडं हा पैसा कुणाला मिळतो?

शेजारच्या इंग्लंडमध्ये कायदा तोच, वाटप वेगळं. तिथं वसुलीतला साधारण अर्धा पैसा गृहखात्याकडं आणि अर्धा पोलीस, सरकारी वकील, कोर्ट अशा यंत्रणांकडं जातो. अमेरिकेत केंद्राच्या एका योजनेत जप्तीतला ८० टक्क्यांपर्यंतचा वाटा स्थानिक पोलिसांना मिळू शकतो. त्यामुळं पोलीस गुन्ह्यापेक्षा पैशाच्या मागं लागतात, अशी टीका तिथं वर्षानुवर्षं होते. पैसा कुणाच्या खिशात जातो त्यावर यंत्रणेची नजर कुठं राहते हे ठरतं. स्कॉटलंडच्या योजनेची खरी ताकद इथं आहे. पोलिसांनी जास्त पकडलं म्हणून पोलीस ठाण्याला नवी गाडी मिळत नाही, पोरांना मैदान मिळतं.

शेतकऱ्यांना इटलीचं उदाहरण जास्त जवळचं वाटेल. तिथं माफियांच्या जमिनी सरकारजमा होत. पण वर्षानुवर्षं पडीक राहत, कारण लिलावात बोली लावायची कुणाची छाती नव्हती, आणि लावली तर ती माफियाच्याच माणसाची असायची. लुईजी चोत्ती या धर्मगुरूंनी उभ्या केलेल्या 'लिबेरा' चळवळीनं दहा लाख सह्या गोळा केल्या आणि १९९६ मध्ये १०९ क्रमांकाचा कायदा झाला. मग अशा जमिनी सामाजिक संस्थांना, सहकारी सोसायट्यांना कसायला मिळू लागल्या. माफियाचं गाव म्हणून जगभर माहीत असलेल्या कोर्लिओनेच्या परिसरात तरुणांच्या सहकारी संस्था आज गहू आणि द्राक्षं पिकवतात. उन्हाळ्यात देशभरातली पोरं तिथं श्रमदानाच्या शिबिराला येतात. हे सुखासुखी झालेलं नाही. अशा काही जमिनींवरच्या पिकांना आगी लावल्या गेल्या.

अडचण कुठं आहे?

पहिली अडचण रकमेची. ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसनं २०१३ मध्ये हिशेब मांडला होता, की इंग्लंड-वेल्सच्या भागात गुन्हेगार जेवढं कमावतात त्यातल्या दर १०० पौंडांमागं फक्त २६ पेन्स वसूल होतात. म्हणजे शंभर रुपयांमागं चार आणे! कोर्टाचा हुकूम निघेपर्यंत पैसा नातेवाइकांच्या नावावर नाहीतर परदेशात गेलेला असतो.

दुसरी अडचण भरवशाची. एखाद्या वर्षी मोठा मासा गळाला लागला तर भरपूर पैसा, पुढच्या वर्षी ठणठणाट. त्यावर प्रशिक्षकाचा पगार कसा चालवायचा? म्हणूनच हा पैसा वरकड म्हणून वापरणं ठीक. सरकारनं यालाच मुख्य आधार करून शाळांचा, मैदानांचा नेहमीचा निधी कापला, तर पोरांचं नुकसानच होणार. आणि गंमत अशी, की योजना पूर्ण यशस्वी झाली तर तिचा पैसाच संपेल.

आपल्याकडचा कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ मध्ये गुन्ह्यातून मिळालेल्या मालमत्तेची तरतूद आहे. तपास अधिकारी पोलीस अधीक्षकांच्या मंजुरीनं कोर्टात अर्ज करतो. कोर्ट संबंधिताला १४ दिवसांची नोटीस देतं. मालमत्ता गुन्ह्यातूनच आली असं ठरलं, तर ती जिल्हा दंडाधिकाऱ्यांमार्फत, म्हणजे आपल्या कलेक्टर साहेबांमार्फत, ज्यांचं नुकसान झालं त्यांना वाटायची. मुदत ६० दिवस. कुणी हक्कदार सापडला नाही किंवा वाटून उरलं, तर ते सरकारजमा.

लुबाडलेल्याला आधी, हा क्रम योग्यच आहे. चिटफंडात बुडालेल्या ठेवीदारांसाठी राज्याचा १९९९ चा एमपीआयडी कायदाही असाच आहे. पण जे उरतं ते सरकारी तिजोरीत मिसळतं आणि तिथून पुढं त्याची वेगळी ओळख राहत नाही. ते पोरांसाठी वापरा असं कलम १०७ म्हणत नाही.

एक अपवाद मात्र फार कमी लोकांना माहीत आहे. अमली पदार्थांच्या कायद्यात, म्हणजे एनडीपीएसमध्ये, कलम ७-अ खाली एक राष्ट्रीय निधी आहे. नशेच्या व्यापाऱ्यांची सरकारजमा झालेली मालमत्ता विकून आलेला पैसा त्यात जमा करायची तरतूद आहे. व्यसनी माणसांवर उपचार, त्यांचं पुनर्वसन, लोकांमध्ये जागृती, व्यसन लागू नये म्हणून काम, हे सगळं त्यातून करता येतं. म्हणजे वाट कायद्यात आहे, पण ती दिल्लीवरून जाते.

कलम १०७ खाली आपल्या जिल्ह्यात किती अर्ज झाले, किती रक्कम वाटली गेली, किती सरकारजमा झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही नाही. अर्जाची माहिती पोलीस अधीक्षक कार्यालयाकडं आणि वाटपाची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयाकडं असते, त्यामुळं अर्ज दोन्हीकडं वेगवेगळे करावेत. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.