घरपोंच औषध आणि भागधारकाचा नफा

सीताबर्डीवर दुकानोदुकान न हिंडतां हातांतल्या मोबाइलवरून औषध मागविणें आज नागपूरकरांस सोपें झालें आहे. ही सोय पाहून एखाद्या निवृत्त गृहस्थाच्या मनांत साहजिकच येतें कीं, अशा कंपनीचे भाग घेऊन ठेवावे काय?

उत्तर हिशेबांत आहे. २०१३ च्या औषध-किंमत नियंत्रण आदेशांत अनुसूचित औषधांची कमाल किंमत ठरवितांना किरकोळ विक्रेत्यासाठीं त्याच्या खरेदीवर १६ टक्केच धरले आहेत. गिऱ्हाइकाची सूट, पोंचविणाऱ्याची मजुरी व जाहिरात हा सारा खर्च अशा बेताच्या नफ्यांतून भागवावयाचा. म्हणून मागणी वाढेल तसा तोटाही वाढूं शकतो.

मुंबईच्या 'फार्मइझी'चें उदाहरण बोलकें आहे. तिच्या मूळ कंपनीनें २०२१ मध्यें नव्या मुंबईच्या 'थायरोकेअर'चे ६६.१ टक्के भाग ४,५४६ कोटी रुपयांस घेण्याचा करार केला, आणि त्याच वर्षीं ६,२५० कोटींच्या भागविक्रीसाठीं अर्ज केला. २०२२ च्या ऑगस्टांत तो अर्ज मागें घेतला गेला. कर्ज डोक्यावर राहिलें. २०२३ मध्यें पूर्वीपेक्षां फारच स्वस्तांत नवे भाग काढावे लागले. थायरोकेअर मात्र नफ्यांत होती, कारण एके ठिकाणीं हजारों नमुने तपासले कीं प्रत्येकाचा खर्च उतरतो.

तेव्हां श्रोत्यांनीं एवढेंच विचारावें : एका मागणीमागें सर्व खर्च वजा जातां कांहीं उरतें काय? उरत नसेल, तर ती सूट दुसऱ्याच्या भांडवलांतून दिलेली असते; आणि तें भांडवल आपल्या पेन्शनचें असूं नये.